खालची कवळी रडवते: इम्प्लांट की कवळी, हे कसं ठरवायचं

वरच्या कवळीपायी कुणी रडलेलं मी आजवर पाहिलं नाही. रडवते ती खालची.

मिरजेत माझी दातांची लॅब आहे. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते आमच्याकडे येतं आणि आम्ही त्यावर कवळी, कॅप, ब्रिज, इम्प्लांटवरचे (म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवरचे) दात बनवतो. अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय. पेशंटचा चेहरा आम्हाला सहसा दिसत नाही, दिसतो तो प्लॅस्टरमधला त्याचा जबडा. त्यामुळे लग्नकार्यात कुणी गाठून "इम्प्लांट चांगलं की कवळी?" असं विचारलं की मी उलट विचारतो: वरचे गेलेत की खालचे? किती गेलेत? कधी गेलेत? पैशाचं त्यानंतर बोलू. मला पैसे दोन्हीत मिळतात, तेव्हा कुठल्या एका बाजूने ओढायचं मला कारण नाही.

"कधी गेलेत" हे का विचारतो ते आधी सांगतो. दात काढला की त्याखालचं हाड झिजायला लागतं. चावताना मुळावाटे हाडावर दाब यायचा, तो थांबला की शरीर त्या हाडाला पोसणं सोडून देतं. पहिल्या वर्षात झीज सगळ्यात जास्त, मग सावकाश, पण जन्मभर. उरलेल्या उंचवट्याला आम्ही रिज म्हणतो. लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरांना मी शेताच्या बांधाची उपमा देतो. वर्षभरापूर्वी दात काढलेल्या माणसाची रिज म्हणजे चांगला उंच बांध. वीस वर्षं बोळक्याने काढलेल्या आजींचं मॉडेल हातात घेतलं तर बांध कुठे होता तेच कळत नाही, ट्रॅक्टर फिरल्यासारखं सगळं सपाट. आणि खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट वेगाने झिजतं.

आता कवळी टिकते कशी ते बघा. एका ओल्या काचेवर दुसरी काच ठेवली तर ती सरळ वर उचलता येत नाही, सरकवावी लागते. वरच्या कवळीचं तेच. ती टाळूभर पसरते, मध्ये लाळेचा पातळ थर असतो, कडेने हवा आत जायला वाट नसते. खालच्या कवळीला टाळू नाही. ती घोड्याच्या नालेसारखी, मध्ये जीभ. जीभ वळली की ती उचलते, ओठ ताणला की ती उचलते, जांभई दिली की विचारूच नका. वरून बांधही सपाट झालेला. अशा जबड्यावर कितीही हुशार डॉक्टर आणि कितीही जुना लॅबवाला असला तरी खालची कवळी घट्ट बसवणं अवघड, हे मी माझ्या घरातच शिकलो.

आईचे सगळे दात साठीत गेले. मशेरीची सवय आणि हिरड्यांचं दुखणं, दोन्ही जुनं. तिची कवळी अर्थातच मी बनवली, जीव ओतून. वरची पहिल्या दिवसापासून झकास. खालचीचं नाव तिने "लग्नाची कवळी" ठेवलं, कारण ती फक्त लग्नाला जाताना तोंडात जायची. घरी जेवताना काढून वाटीत. एक दिवस मी तिच्यासमोर बसून नीट बघितलं. शाळूची भाकरी आमटीत चुरलेली, बाजूला शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या घासाला ती थांबली, डोळ्यांत पाणी. चटणीचा एक कण कवळीखाली गेला होता, कण म्हणजे खसखशीएवढा. कवळी हलते, कण हिरडीवर रगडला जातो, आणि पातळ हिरडीखाली लगेच हाड. बुटात खडा घेऊन चालण्यातला प्रकार. मी कवळी दोनदा रिलाइन केली, म्हणजे आतून नवा थर देऊन पुन्हा मापाला आणली. सहा महिने बरी राहायची, मग परत वाटीत.

शेवटी खालच्या जबड्यात पुढच्या भागात, सुळ्यांच्या जागी, दोन इम्प्लांट घातले. दोनच. तीन महिने थांबून तिच्या कवळीच्या आतल्या बाजूला दोन लहान टोप्या बसवल्या, त्यांत नायलॉनच्या रिंगा. कवळी तोंडात ठेवून बोटांनी दाबली की शर्टाच्या टिचबटणासारखी टक्क बसते. रात्री काढायची, धुवायची, सकाळी पुन्हा टक्क. हाड पुढच्या भागात बहुतेकांचं शिल्लक असतं आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस तिथून मागे राहते, म्हणून ही जागा सोयीची. २००२ साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी हेच म्हटलं होतं: खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला पहिला पर्याय म्हणून दोन इम्प्लांटवरची कवळी सुचवावी. नुसती कवळी नव्हे. मला ते कागदावर वाचून माहीत होतं, आईने भाकरी खाऊन दाखवेपर्यंत पटलं नव्हतं.

तेव्हा सगळे दात गेलेल्यांसाठी माझं मत सरळ आहे. वर साधी कवळी करा आणि सहा महिने वापरून बघा. इम्प्लांटला हात आखडता असेल तर जे काही पैसे आहेत ते खालच्या जबड्यातल्या दोन स्क्रूंवर घाला. वर आठ इम्प्लांट आणि खाली जुनी डुगडुगणारी कवळी, असं उलटं काम माझ्याकडे येतं तेव्हा वाईट वाटतं. वरचे दात फोटोत दिसतात, खर्च तिकडे होतो.

आणि तुमचे सगळे दात अजून गेले नसतील, खालचे दोन सुळे जरी ठणठणीत असतील, तर "सगळे काढून एकदाचं मोकळं करा" म्हणू नका. मुळं भक्कम असतील तर त्यांचं रूट कॅनाल करून, दात हिरडीच्या जरा वर बुटके कापून, त्यांच्यावरून कवळी घालता येते. मूळ जागेवर राहिलं की आसपासचं हाडही राहतं. गरिबाचं इम्प्लांटच म्हणा ना. डॉक्टरांना हे स्वतःहून विचारा, घाईत राहून जातं.

एकच दात गेला असेल तर गोष्ट वेगळी, आणि इथे मी स्वतःच मूर्खपणा केलाय. उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ. रूट कॅनाल केलं, कॅप "नंतर बघू" म्हणून सोडली. दिवसाला पाच-पंचवीस कॅपा बनवणारा माणूस मी! एका संध्याकाळी भडंग खाताना शेंगदाणा नेमका तिथे आला आणि दाढ उभी चिरली. काढावी लागली. पुढे दोन वर्षं मी डावीकडून चावत राहिलो. त्या दोन वर्षांत मागची दाढ रिकाम्या जागेत पुढे कलली आणि वरची दाढ खाली उतरायला लागली. दातांना समोर टेकायला कुणी नसेल तर ते सरकतात. इम्प्लांट घालण्यापूर्वी जागा पुरेशी उरलीय का तेच बघावं लागलं. म्हणून चावायची दाढ गेली तर निर्णय वर्षभर लांबवू नका. अक्कलदाढ गेली तर मात्र काहीच बसवायची गरज नाही.

एका दातासाठी तीन वाटा. काढता-घालता येणारा एक दात: स्वस्त, पण एका दाढेसाठी प्लॅस्टिकचा पत्रा तोंडात वागवायचा, चावायला त्याचा उपयोग जेमतेम. समोरच्या दाताला, तात्पुरता म्हणून, ठीक. दुसरा ब्रिज: शेजारचे दोन दात घासून त्यांच्यावर कॅपा आणि मधला दात त्यांना जोडलेला. शेजारच्या दातांना आधीच मोठं फिलिंग किंवा रूट कॅनाल असेल, कॅप त्यांना लागणारच असेल, तर ब्रिजच करा, दोन आठवड्यांत काम संपतं. पण शेजारचे दात निरोगी असतील तर ते घासून घेताना माझा हात थरथरतो, तुमचाही थरथरायला हवा. तिथे इम्प्लांट. मी तेच केलं. २०२२ मध्ये, कॅपसकट ३२,००० रुपये. माझ्याच दाढेची कॅप मीच बनवली, रंग ए थ्री, म्हणजे जरा पिवळट, कारण वय पन्नास आणि चहा दिवसाला सहा कप.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांब. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, ही गोष्ट स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडावर वेगळाच अभ्यास करताना लक्षात आली. हाडात घातलेली टायटॅनियमची नळी परत निघेचना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू घातले. त्या "निघेचना"वरच हा सगळा धंदा उभा आहे, आणि त्यासाठी वेळ लागतो: खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरचं हाड भुसभुशीत म्हणून चार ते सहा. "एका दिवसात फिक्स दात" अशी पाटी दिसते ती अगदीच खोटी नसते. काही जबड्यांत स्क्रूची पहिली पकड चांगली मिळाली आणि चार-सहा स्क्रू एकमेकांना जोडले तर त्याच दिवशी दात देता येतात. पण ते दात बहुतेक वेळा तात्पुरते असतात. तेव्हा पाटी बघून आत गेलात तर विचारा, "आज मिळणारे दात कायमचे का? नसतील तर कायमचे कधी, आणि त्याचे पैसे यातच धरलेत का?"

दुखतं का? सुन्न करून करतात, दात काढण्यापेक्षा मला कमी त्रास झाला. पाण्याची धार सोडत हळू ड्रिल करतात, कारण हाड मिनिटभर ४७ अंशांच्या वर तापलं तर ते मरतं आणि स्क्रूला धरत नाही. खुर्चीत घाई चालली आहे असं वाटलं तर तुम्ही बोलू शकत नाही, तोंड उघडं असतं. म्हणून डॉक्टर आधी नीट निवडा. पूर्ण जबड्याचा एक्स-रे आणि बहुतेक वेळा थ्री-डी स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात, काढल्याशिवाय स्क्रूची लांबी ठरवू देऊ नका. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, हाड कमी असलं तर तिथे आधी हाड भरावं लागतं आणि खर्च व महिने दोन्ही वाढतात.

इथून पुढचे दोन मुद्दे लॅबवाल्याचे आहेत, डॉक्टर कदाचित सांगणार नाहीत.

एक, इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतं: कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर. ते मागून घ्या आणि घरच्या फायलीत चिकटवा. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, पेचकस वेगळा. दहा वर्षांनी कॅप सैल झाली, तुम्ही तोवर पुण्याला मुलाकडे राहायला गेलात, तिथल्या डॉक्टरला आत काय आहे ते कळत नाही. एक्स-रे बघून कंपनी ओळखायचा खेळ आम्ही महिन्यातून एकदा तरी खेळतो आणि नेहमी जिंकत नाही.

दोन, जागा परवानगी देत असेल तर कॅप सिमेंटने चिकटवण्याऐवजी स्क्रूने बसवलेली मागा. वर बारीक भोक असतं, ते दाताच्या रंगाच्या फिलिंगने बुजवतात. कधी काही झालं तर भोक उघडून कॅप काढता येते. सिमेंटची कॅप काढताना ती बऱ्याचदा फुटते, आणि हिरडीखाली सिमेंटचा कण राहिला तर तिथे सूज धरते.

इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण हिरडीचा आजार लागतो, आणि खऱ्या दातापेक्षा गुपचूप लागतो. दुखत नाही, फक्त हाड सरत जातं. म्हणून दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश रोज आणि डॉक्टरकडे सहा महिन्यांनी. नीट निगा ठेवली तर दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट टिकलेले असतात. तंबाखू, विडी, मशेरी सुटत नसेल तर हा हिशोब तुमच्यासाठी नाही. आईने मशेरी सोडल्याचं डॉक्टरांनी तीन वेळा विचारून खात्री केली, चौथ्यांदा मला बाजूला घेऊन. साखर ताब्यात नसेल तर आधी ती आणा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सोबत न्या. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही, मोकाट मधुमेह असेल तर होत नाही. आणखी एक: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. त्या औषधांनी जबड्याची जखम क्वचित भरतच नाही. ती चिठ्ठी डॉक्टरला दाखवा, दात काढण्याआधीसुद्धा. जबड्याला कधी रेडिएशन दिलं असेल तर तेही.

कवळी ठरली असेल तर सगळ्यात महत्त्वाचा दिवस मापाचा नाही, मेणाच्या ट्रायलचा. त्या दिवशी दात गुलाबी मेणात बसवलेले असतात, अजून हलवता येतात. नंतर आम्ही ते मेण वितळवून त्या जागी ॲक्रिलिक भरतो. भुकटी आणि द्रव कालवून, कणीक भांड्याला चिकटायची थांबली की समजायचं तयार झालं, मग डब्यात दाबून तासन्‌तास गरम पाण्यात. एकदा ते शिजलं की दात हलणार नाहीत. त्यामुळे ट्रायलला एकटे जाऊ नका, तोंडावर खरं बोलणारं माणूस घेऊन जा. बहीण उत्तम. तरुणपणीचा हसतानाचा फोटो न्या. खिडकीच्या उजेडात आरशात बघा, ट्यूबलाइटखाली नाही. मग साठ ते सत्तर मोठ्याने मोजा: एकसष्ट, बासष्ट, पासष्ट, सहासष्ट. "स" म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटायला नकोत. आपटत असतील तर दात उंच झालेत, तिथल्या तिथे सांगा. आणि रंग. सत्तरीतले आजोबा "पांढरे शुभ्र द्या" म्हणतात, आम्ही देतो, मग नातवंडं हसतात. डोळ्यातल्या पांढऱ्या भागापेक्षा पांढरे दात खोटे दिसतात, एवढं लक्षात ठेवा.

पहिला महिना कुणाचाच सुखाचा जात नाही. तोंडात लाळ सुटते, बोलणं बोबडं होतं. रोज पेपर मोठ्याने वाचा, आठवड्याभरात जीभ वळते. मऊ खा, घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंना वाटून चावा, एकीकडेच चावलं की दुसरीकडून कवळी उचलते. पेरू, कणीस, ऊस पुढच्या दातांनी तोडायचा मोह नको, सुरीने कापा. नैसर्गिक दातांच्या जोराच्या चौथा-पाचवा हिस्सा एवढाच जोर नुसत्या कवळीत येतो, ही तक्रार नव्हे, ती चीजच तशी आहे.

कुठे टोचलं तर डॉक्टरकडे जाण्यापूर्वी चार-सहा तास कवळी घालूनच राहा. लाल खूण उमटली तरच नेमकी जागा घासता येते. कवलापूरकडचे एक काका टोचते म्हणून कानशीने स्वतःच घासून घेऊन आले होते. टोचायची थांबली होती खरी, पण बसायचीही थांबली होती. तुटली तर तुकडे रुमालात बांधून आणा, झटपट गोंद लावू नका. त्या गोंदाने तुकडे केसभर वाकडे चिकटतात आणि मग आम्हालाही जुळवता येत नाहीत.

झोपताना कवळी काढायचीच. हिरडीला हवा लागली नाही तर टाळूवर लाल बुरशी धरते. साध्या पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात नको, वाकते. मऊ ब्रश आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरतो, टूथपेस्टने ओरखडे पडतात. धुताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरा. माझ्याकडे येणाऱ्या तुटक्या कवळ्यांतल्या निम्म्या जेवताना नाही, धुताना हातातून सुटून तुटलेल्या असतात. कवळीखालचा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांचा, तर घासून घेण्यावर भागवू नका, डॉक्टरांना नीट तपासायला सांगा. पाच-सात वर्षांत कवळी बदला. आजोबांची वीस वर्षांची कवळी टिकली हे कवळीचं कौतुक, त्यांच्या हाडाचं नुकसान.

पैशाचं थोडक्यात. आमच्या भागात वरची-खालची कवळी १५,००० पासून होते. आईचे दोन इम्प्लांट, टोप्या, सगळं धरून ७०,००० गेले, लॅबचं बिल मी मला लावलं नाही. आरोग्य विमा अपघात वगळता बहुधा दातांना पैसे देत नाही, पॉलिसी वाचून बघा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च बराच कमी, वेळ मात्र जास्त काढावा लागतो. शिकणारी मुलं काम करतात, पण डोक्यावर सर उभे असतात. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही मिळते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आणि टिचबटणाच्या कवळीचाही छोटा खर्च आहे. नायलॉनच्या रिंगा झिजतात, वर्षा-दीड वर्षाने बदलाव्या लागतात, दहा मिनिटांचं काम. तारीख लक्षात ठेवायची मला गरज पडत नाही. आई जेवून उठली की सांगते, "अरे, टक्क वाजेना झालंय बघ."